जुन्या गाडीचा कंप्रेसर

गाडीतला एसी ही चैन की गरज, यावर आमच्या घरात कधी चर्चा झाली नव्हती. गाडी मुळात भाईजानची. २०१० सालची छोटी हॅचबॅक. पुण्यात त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा ही माझ्याकडे आली, कारण अम्मीचं डायलिसिस सुरू झालं होतं आणि आमच्या गावापासून सोलापूरचं हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर आहे. आठवड्याला दोन फेऱ्या, मंगळवार आणि शुक्रवार. मशीनची वेळ मिळाली ती दुपारी साडेबाराची. सकाळच्या वेळा आधीच्या पेशंटनी धरलेल्या असतात आणि एक जागा रिकामी होते तेव्हा ती का रिकामी झाली हे विचारायची हिंमत होत नाही. म्हणजे अकराला निघायचं आणि पाचच्या उन्हात परत यायचं.

ज्यांच्या घरात डायलिसिसचा पेशंट नाही त्यांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. किडनी काम करत नसली की प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगातच साठतं. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत जे साठतं ते मशीन चार तासांत ओढून काढतं. म्हणून पाणी मोजून प्यायचं. चहा, वरण, ताक सगळं त्याच मापात धरायचं. अम्मीला डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर सांगितलंय. आपण उन्हातून आलो की तांब्याभर पाणी घटाघटा पितो. तिच्या दिवसभराच्या हिशोबातला मोठा भाग तेवढ्यातच संपतो. ती बर्फाचा एक खडा तोंडात धरते आणि तो विरघळेपर्यंत बोलत नाही.

सोलापूर जिल्ह्यातला एप्रिल-मे ठाऊक असलेल्यांना पुढचं सांगायला नको. पारा ४२-४३ वर असतो, हवा कोरडी. उन्हात उभी केलेली गाडी तासाभरात आतून बाहेरच्यापेक्षा वीसएक अंशांनी जास्त तापते. अशा गाडीत बसलेल्या माणसाला तहान लागू नये, ही अपेक्षाच चूक आहे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, ईद होऊन दहा-बारा दिवस झाले असतील, एसीचं बटण दाबलं की पुढून घर्र असा आवाज यायला लागला. सुपारी कातरल्यासारखा. दोन दिवस हवा कोमट आली, तिसऱ्या दिवशी नुसता फॅन. मी नेहमीच्या एका एसीवाल्याकडे गेलो. त्याने बॉनेट उघडलं, नळीला हात लावला आणि सांगितलं, "गॅस कमी आहे. अठराशे रुपये. अर्ध्या तासात घेऊन जा." आवाजाचं विचारलं तर म्हणाला, "जुन्या गाडीला आवाज असायचाच." दुसऱ्या दिवशी गाडी ज्या कंपनीची आहे तिच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली. तिथल्या मुलाने कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं की पूर्ण सिस्टीम बदलावी लागेल, ४६ हजार, पार्ट यायला आठवडा. बिघाड कशामुळे झाला, हे विचारल्यावर तो अदबीने म्हणाला, "सर, गाडीचं वय झालंय."

पुण्याहून भाईजानचा फोन आला. त्यांचा हिशोब सरळ होता. गाडी विकली तर लाख-सव्वा लाख येतील. तिच्यावर पन्नास हजार घालणं म्हणजे निम्मी किंमत तिच्यातच ओतणं. शिवाय २०२५ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार. त्यानंतर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायची तर २०२२ च्या एप्रिलपासून कारला नुसती फी पाच हजार आहे. तपासणी आणि ग्रीन टॅक्स वेगळा. "विकून टाक," ते म्हणाले, "अम्मीसाठी टॅक्सी लावू, पैसे मी देतो."

टॅक्सी लावून पाहिली. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, सोलापुरात ७ मेला मतदान. भाड्याच्या गाड्या प्रचाराला लागलेल्या. एका फेरीला बावीसशे रुपये, त्यात पाच तास थांबणं. एका शुक्रवारी ठरलेली गाडी आलीच नाही. त्या दिवशी आम्ही आमच्याच गाडीने, एसीशिवाय गेलो. खिडक्यांना ओले पंचे लावले. कोरड्या हवेत त्याचा थोडा उपयोग होतो, पण गाडी धावायला लागली की पंचा दहा मिनिटांत कडक वाळतो. थर्मासमधला बर्फ वळसंगच्या आधीच संपला. अम्मी म्हणाली, "दो घोट पानी दे रे, ज्यादा नै." मी दिलं. नंतर अजून दोन दिले.

डायलिसिसच्या आधी वजन करतात. आधीच्या वेळेपेक्षा किती वाढलं त्यावरून किती पाणी काढायचं ते ठरतं. एरवी अम्मीचं दोन किलोच्या आसपास वाढतं. त्या दिवशी ३.१ भरलं. प्रवासातलं पाणी त्यातलं थोडंच. आधीचे तीन दिवसही घरात वीज जात होती. इतकं पाणी चार तासांत काढताना बीपी खाली येतो. तिसऱ्या तासाला तिच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि बीपी ९० च्या खाली गेला. तिथल्या टेक्निशियन ताईंनी मशीन हळू केलं, पाय वर घेतले, आणि मला बाजूला बोलावून विचारलं, "येताना गाडीत काय करता तुम्ही? एसी लावत नाही का?" त्यांना कंप्रेसरची कहाणी सांगण्यात अर्थ नव्हता. टॅक्सी की दुरुस्ती, गाडीची किंमत किती उरली, ह्या चर्चेला त्या दिवशी वेगळं वजन आलं.

पुढे जाण्याआधी ह्या यंत्राचं काम थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं नाही तर गॅरेजमध्ये आपण फक्त मान डोलवत उभे राहतो. माठातलं पाणी गार का होतं हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. माठातून झिरपलेलं पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. गाडीचा एसीही तेच करतो, फक्त पाण्याऐवजी गॅस वापरतो. आमच्या गाडीत आर-१३४ए आहे. उघड्या हवेत तो उणे २६ अंशालाच उकळतो. डॅशबोर्डच्या मागे कूलिंग कॉइल असते, तिच्यात तो द्रवाचा वायू होतो आणि आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. माठातली वाफ उडून जाते, तिचं पुढे काही करावं लागत नाही. इथे मात्र तोच गॅस पुन्हा वापरायचा असतो. त्याने घेतलेली उष्णता बाहेर टाकायची, तीही ४२ अंशांच्या हवेत. गरम हवेत उष्णता टाकायची तर गॅस त्या हवेपेक्षाही गरम हवा. म्हणून कंप्रेसर त्याला दाबतो. दाबलेला, तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, वाऱ्याने निवतो, पुन्हा द्रव होतो. कंप्रेसर फिरतो इंजिनच्या पट्ट्यावर. एसी लावला की मॅग्नेट क्लच टक् करून चिकटतो आणि कंप्रेसर फिरायला लागतो. बंद केला की नुसती पुली फिरते.

हा क्लच सुरुवातीला नव्हता. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलसाठी कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा कंप्रेसर इंजिनबरोबर सतत फिरायचा. एसी नको असेल तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे.

आता ह्यातली जी गोष्ट बहुतेक कुणी सांगत नाही ती. कंप्रेसरच्या आत वंगणासाठी इंजिनसारखं वेगळं ऑइल भरून ठेवलेलं नसतं. थोडंसं खास ऑइल, लहान गाडीत शंभर-सव्वाशे मिलिलिटर, गॅसबरोबरच सगळ्या नळ्यांतून फिरतं आणि फिरत फिरत कंप्रेसरला ओलं ठेवतं. गॅस गळाला की त्याच्याबरोबर ऑइलही जातं. आणि गॅस कमी झाला की उरलेलं ऑइलही कॉइलमध्ये पडून राहतं, कंप्रेसरपर्यंत नीट परत येत नाही. म्हणजे गॅस कमी असताना चालवलेला कंप्रेसर कोरडा चालतो.

मावसभावाने एका गॅरेजचं नाव सांगितलं. विजापूर रस्त्याच्या बाजूला, पत्र्याचं शेड. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्तादच म्हणतात, मीही तेच म्हणतो. साठीचे असतील. त्यांनी आधी हुड उघडलं नाही. मला म्हणाले, "गाडी चालू करा, एसी नको." पाच मिनिटं कान देऊन ऐकलं. आवाज नव्हता. मग एसी लावायला सांगितला. घर्र सुरू. म्हणाले, पुलीचं बेअरिंग चांगलं आहे. ते गेलं असतं तर एसी बंद असतानाही आवाज आला असता. हा आवाज पोटातला आहे. ह्या दहा मिनिटांत मला एक महत्त्वाचं उत्तर मिळालं होतं. आमच्या गाडीत एकाच पट्ट्यावर वॉटर पंप, अल्टरनेटर आणि कंप्रेसर आहेत. पुलीचं बेअरिंग जाम झालं, किंवा एसी चालू असताना कंप्रेसर आतून अडकला, तर पट्टा तुटतो आणि अम्मीसकट गाडी रस्त्यात उभी राहते. बेअरिंग चांगलं असेल तर एसी न लावता गाडी चालवायला धोका नाही.

मग त्यांनी इंजिन बंद करून गेज लावलं. निळी नळी कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या. दोन्ही काटे ७० वर. त्यांचा पुतण्या, आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड केलेला, मला समजावत होता. बंद सिस्टीममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तर ३८ अंशांच्या सावलीत काटा १२० च्या पुढे हवा. मग तो गॅस शंभर ग्रॅम असो की चारशे, काटा तेवढाच दाखवणार. म्हणून बंद गाडीचं प्रेशर बघून "गॅस फुल आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण ७० म्हणजे आत द्रव उरलेलाच नाही. इंजिन चालू करून एसी लावला तेव्हा निळा काटा ४५ वर आणि लाल ९५ वर जाऊन थांबला. गॅस कमी असून कंप्रेसर धडधाकट असता, तर त्याने ओढून निळा काटा वीसच्या खाली नेला असता. इथे तो ओढतही नव्हता आणि ढकलतही नव्हता.

मी म्हणालो, "म्हणजे कंप्रेसर गेला." उस्ताद हसले. "कंप्रेसर खुद नै मरता बाबा, उसको मारते. किसने मार्‍या, वो देखेंगे."

त्यांनी बॅटरी घेऊन प्रेशर स्विचचं सॉकेट शोधलं. ह्या स्विचचं काम इतकंच, की गॅस ठरावीक दाबाच्या खाली गेला की क्लचची वीज तोडायची, म्हणजे कोरडा कंप्रेसर फिरू नये. स्विचचं सॉकेट सुटं लोंबत होतं आणि त्याच्या दोन टोकांना वायरचा एक तुकडा घालून टेप गुंडाळलेली होती. गॅरेजच्या भाषेत, स्विच डायरेक्ट केलेलं. मी तिथूनच भाईजानना फोन लावला. त्यांना आठवलं. दोन वर्षांपूर्वी हैदराबादला जाताना हायवेवर एसी सारखा बंद-चालू व्हायला लागला होता. रस्त्यावरच्या एका दुकानात दाखवला, त्याने पंधरा मिनिटांत सुरू करून दिला, तीनशे रुपये घेतले, म्हणाला स्विच खराब होतं. भाईजान त्याला दुवा देत पुढे गेले होते.

स्विच खराब नव्हतं. गॅस कमी होत होता आणि ते आपलं काम करत होतं. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात पुतण्याने बोट फिरवून दाखवलं. समोरून उडालेल्या खड्याने नळीला टोचा पडला होता, आणि तिथे तेलकट धुळीचा एक डाग होता, रुपयाएवढा. आर-१३४ए ला रंग नाही, वास नाही. तो कुठून गेला हे डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो त्याच्याबरोबर गेलेल्या ऑइलवर बसलेला हा धुळीचा डाग. तीनशे रुपयांच्या त्या वायरीनंतर दोन वर्षं गॅस सुईच्या टोकाएवढ्या भोकातून जात राहिला आणि कंप्रेसरला थांब म्हणणारं कुणी उरलं नाही. उस्तादांनी कंप्रेसर उतरवून उरलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतलं. चमचाभर निघालं, काळपट. फडकं उन्हात धरलं तर त्यात चंदेरी कण चमकत होते. कंप्रेसरच्या आतल्या धातूची ती पूड.

पहिल्या दुकानात अठराशेचा गॅस भरला असता तर काय झालं असतं, हे त्या फडक्यावर दिसत होतं. चार दिवस बरं वाटलं असतं, कदाचित तेवढंही नाही, आणि गॅस पुन्हा त्याच भोकातून गेला असता. हा गॅस ओझोनला त्रास देत नाही, पण हवेत गेला की शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट उष्णता धरतो. आमच्या गाडीत ४३० ग्रॅम बसतो. तेवढा एकदा हवेत सोडणं म्हणजे जवळजवळ ६१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडणं. गळती न शोधता दर उन्हाळ्याला गॅस भरून देणाऱ्यांच्या आणि भरून घेणाऱ्यांच्या हे डोक्यातही येत नाही.

आता पर्याय. उस्तादांनी चार सांगितले. कंपनीचा नवा कंप्रेसर, सगळ्यात महाग. दुसऱ्या मेकचा नवा, साडेतेरा हजार. जुनाच खोलून, आतले भाग बदलून तयार केलेला, आठ-नऊ हजार. आणि मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारातून, भंगारात निघालेल्या गाडीचा, पाच हजारांत. मी शेवटच्यावर रेंगाळलो. ते म्हणाले, "लोकांना लावून देतो मी. पण तो किती दिवस उघड्या तोंडाने पडला होता कोण सांगणार?" एसीचं ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नळ्या उघड्या राहिल्या की ओल आत जाते आणि आतून गंज लागतो. स्वस्तातला कंप्रेसर लागला तर लागला, नाही तर तेवढ्याच मजुरीचं काम सहा महिन्यांत पुन्हा. बिनकामाच्या दिवशी कुणी शहरात फिरायला वापरणार असेल तर तो जुगार त्याला परवडेल. मंगळवार-शुक्रवार ज्याला चुकवता येत नाही त्याला नाही. आम्ही दुसऱ्या मेकचा नवा घेतला.

पुढचा प्रश्न कंडेन्सरचा. भोक ब्रेझिंग करून बुजवता येत नाही का, मी विचारलं. पुतण्याने जुन्या कंडेन्सरचा कापलेला तुकडा दाखवला. आतल्या वाटा काडेपेटीच्या काडीहून बारीक, शेजारी शेजारी अनेक. कंप्रेसर झिजतो तेव्हा त्याची पूड सगळ्यात आधी कंडेन्सरमध्ये जाते. फ्लशिंगने बाकीच्या नळ्या साफ होतात, पण ह्या वाटांतली पूड पूर्ण निघाली याची खात्री कुणी देऊ शकत नाही. ती तिथे राहिली तर सुटत सुटत एक्सपान्शन व्हॉल्व्हचं तोंड बुजवते किंवा फिरून नव्या कंप्रेसरमध्येच जाते. नवा कंप्रेसर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गेला, अशी तक्रार अनेकजण करतात. त्यातल्या कितीतरी वेळा पार्ट चांगलाच असतो, पण त्याला जुन्याच कचऱ्यात बसवलेलं असतं.

बिल असं झालं: कंप्रेसर १३,५००, कंडेन्सर ४,२००, ड्रायर ७००, एक्सपान्शन व्हॉल्व्ह १,१००, प्रेशर स्विच ४५०, ऑइल आणि गॅस १,९००, फ्लशिंग, नायट्रोजन आणि मजुरी ३,०००. एकूण २४,८५०. टॅक्सीच्या अकरा फेऱ्या. पाऊस यायला सात आठवडे होते, म्हणजे चौदा फेऱ्या. भाईजाननी हा हिशोब ऐकला, काही क्षण बोलले नाहीत आणि म्हणाले, "निम्मे मी पाठवतो." विकायचा विषय त्यानंतर निघाला नाही. गाडीची बाजारात किंमत काय, हे विकायच्या दिवशी बघायचं असतं. ती वापरायची असेल तर तिच्याऐवजी दुसरं जे काही करावं लागेल त्याची किंमत मोजावी लागते, आणि आमच्या बाबतीत त्यात ३.१ किलोचा तो शुक्रवारही होता.

काम दीड दिवस चाललं. सगळं जोडून झाल्यावर आधी नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने प्रत्येक सांधा तपासला. मग व्हॅक्यूम पंप लावून पाऊण तास ठेवला. व्हॅक्यूममध्ये पाणी साध्या तापमानालाही उकळतं, म्हणून आत राहिलेली ओल वाफ होऊन निघून जाते. पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का ते पाहिलं. काटा हलला नाही. मग बॉनेटखालचं स्टिकर पुसून पुतण्याने आकडा वाचला आणि गॅसची टाकी डिजिटल काट्यावर ठेवली. ४३० ग्रॅम उतरला तसा कॉक बंद. जास्त भरला तर जास्त गार होईल हा लोकांचा गैरसमज आहे. जास्त गॅसने दाब वाढतो, थंडावा घटतो आणि कंप्रेसरवर ताण येतो. इंजिन आयडलला असताना निळा काटा ३८, लाल २४०. गाडी एक चक्कर फिरवून आणली तेव्हा जाळीत खोचलेला थर्मामीटर १० अंश दाखवत होता.

त्या दीड दिवसात मी तिथेच एका टायरवर बसून होतो, त्यामुळे गॅरेजही पाहिलं. उस्ताद चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. बाराव्या वर्षी पाने-स्क्रू उचलायला लागले. आमच्या मोहल्ल्यांतली कितीतरी मुलं आजही ह्याच वाटेने गॅरेजांत येतात. घरी कुणी विचारलं तर आई-बाप सांगतात, "काम सीख रहा है." कधी ते खरं असतं, कधी पोरगा वर्षानुवर्षं फक्त चहा आणतो आणि नट धुतो. उस्तादांच्या हाताखाली तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला ते प्रत्येक गाडीचं स्टिकर मोठ्याने वाचायला लावत आणि एका वहीत लिहायला. गाडीचा नंबर, किती ग्रॅम गॅस, किती ऑइल, बिघाड काय, कारण काय. वही जाडजूड होती, कोपरे ग्रीसने काळे. जुनी पानं उर्दूत, उस्तादांच्या हातची, मधली पुतण्याच्या मराठीत, आणि शेवटची ह्या मुलाच्या अक्षरात, आकडे तेवढे इंग्रजी. डिजिटल काटा पुतण्याने आयटीआयमधून आल्यावर घ्यायला लावला. उस्ताद आधी हाताने नळी धरून अंदाज घ्यायचे. मी विचारलं, चाळीस वर्षांच्या हाताला काट्याची गरज का पडली? ते म्हणाले, "हात को ठंडा मालूम पडता, ग्राम नै मालूम पडते."

मोठ्या दुकानातल्या माणसाकडे काटा नव्हता आणि कॉम्प्युटरवाल्याकडे कारण नव्हतं. इथे दोन्ही होतं, कारण चाळीस वर्षं ऐकणारा कान आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम एकाच शेडमध्ये होते. आपल्याकडे मुलाला एक तर शाळेत घाला नाही तर कामाला लावा, असं दोनच दरवाज्यांचं घर बांधलेलं असतं. त्या मुलाने दहावीचा फॉर्म बाहेरून भरला होता. निकालाचं काय झालं ते पुढच्या सर्व्हिसिंगला गेलो की विचारीन.

निघताना उस्तादांनी जुना प्रेशर स्विचचा वायरचा तुकडा माझ्या हातात दिला आणि मला काही सूचना केल्या. त्या वाचणाऱ्यांच्याही उपयोगाच्या आहेत. गॅस भरण्याआधी गळती दाखवायला सांगा. कंप्रेसर बदलायचा असेल तर तो कशाने गेला हे विचारा, आणि "जुना झाला" हे उत्तर घेऊ नका. ड्रायर जुनाच ठेवणाऱ्याकडे काम देऊ नका. एसी ट्रॅफिकमध्ये गरम आणि हायवेवर गार येत असेल तर आधी कंडेन्सरचा फॅन बघा, नाही तर दाब वाढून तोच कंप्रेसरला मारतो. अर्ध्या तासाने गाडी तापल्यावर एसी बंद पडत असेल आणि गार झाल्यावर पुन्हा चालत असेल, तर क्लचची फट वाढलेली असू शकते. ते काम काही शेकड्यांत होतं, कंप्रेसर बदलावा लागत नाही. आणि थंडीतही आठवड्याला दहा मिनिटं एसी चालवा. ऑइल फिरत राहिलं नाही तर शाफ्टचं सील सुकतं आणि तिथून नवी गळती सुरू होते.

मेच्या पहिल्या मंगळवारी अम्मीला घेऊन निघालो. मतदानाचाच दिवस होता, त्यामुळे आधी सकाळी शाळेवर जाऊन बोटाला शाई लावून आलो. त्या दिवशी वजन दोन किलोच्या थोडं खाली वाढलेलं होतं. एसीमुळेच, असं मी म्हणणार नाही, तिने पाण्याचं मापही त्या आठवड्यात कडक पाळलं होतं. पण सबंध वाटेत तिने पाणी मागितलं नाही. थर्मासमधला बर्फ तसाच परत आला, त्याचं पाणी झालेलं.

आता डिसेंबर आहे. सकाळी गावाबाहेर धुकं असतं आणि अम्मी कानाला रुमाल बांधून, शाल लपेटून बसते. शुक्रवारी परतताना मी दहा मिनिटं एसी लावतो. ती दर वेळी विचारते, "थंडी में ये कायकू?" मी दर वेळी सील सुकतं म्हणून सांगतो. मागच्या शुक्रवारी मी बटण दाबायला विसरलो, तर टोलनाका गेल्यावर शालीच्या आतून आवाज आला, "दस मिनट का करनेका है ना तेरेकू? कर ले, घर आ जाईंगा."